तांब्यातला बिस्मथ शोधताना: नाशिकच्या अंबडमधल्या लॅबच्या कामाच्या नोंदी

धातूचा तुकडा आम्लात न विरघळवता थेट लेझरने उडवायचा आणि आयसीपी-एमएसमध्ये (आर्गॉनच्या प्लाझ्मात आयन करून ते वस्तुमानानुसार मोजणारे यंत्र) मोजायचा, हे ज्यांना स्वतः करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी या नोंदी. यंत्र जुने, क्वाड्रुपोलचे (एकामागून एक वस्तुमान चाळणारे), कोलिजन सेल (नको ते आयन वायूने अडवणारा कप्पा) असलेले. लेझर २१३ नॅनोमीटरचा. दोन्ही सेकंडहँड, वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले, त्यामुळे एकाने दुसऱ्याला 'सुरू कर' सांगायची सोय नव्हती. ट्रिगरची केबल नंतर बनवून घेतली. तोवर एक जण लेझरवर, एक जण संगणकावर आणि मध्ये 'हं, मारा' असे चालले.

९ जून

काम कुठून आले ते आधी. अंबडमधलाच एक पॅनेलवाला बसबार, म्हणजे वीज वाहणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या, वाकवतो. नव्या लॉटच्या १० मिमी जाड पट्ट्या काटकोनात वाकवल्या की बाहेरच्या अंगाने तडकतात. जुन्या लॉटच्या तडकत नाहीत. कागदावर दोन्ही ९९.९ टक्के तांबे. आमच्या स्पार्क मशीनवर (ठिणगीच्या प्रकाशावरून धातूतली मूलद्रव्ये मोजणारे) दोन्ही पट्ट्यांचे आकडे जुळ्या भावांसारखे, आणि बिस्मथ, टेल्युरियमच्या रकान्यात आकडा तळाशी नुसता लुकलुकतो. एकदा ३, एकदा ०, एकदा ५. त्यावर सही करणार कोण?

तडकणाऱ्या तांब्यात पहिला संशय ऑक्सिजनवर जातो. तो आयसीपी-एमएसला दिसत नाही. हवेत पेटलेल्या प्लाझ्मात ऑक्सिजन सगळीकडेच असतो. म्हणून तो आधीच बाजूला काढला. पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर क्युप्रस ऑक्साइडचे ठिपके दोन्ही लॉटमध्ये सारखेच, नेहमीच्या ईटीपी (थोडा ऑक्सिजन असलेल्या, विजेच्या कामाच्या) तांब्यात असतात तेवढे. उरला बिस्मथ. घट्ट झालेल्या तांब्यात तो जवळपास विरघळत नाही, ग्रेन बाउंडरीवर, म्हणजे धातूच्या दाण्यांमधल्या सीमेवर, जाऊन बसतो आणि तिथे तांबे ठिसूळ करतो. कॅथोड (विजेने शुद्ध केलेल्या) तांब्याच्या एएसटीएम बी ११५ या अमेरिकन मानकात पहिल्या प्रतीला बिस्मथची मर्यादा १ पीपीएम (दहा लाखांत एक भाग) आहे, सेलेनियम आणि टेल्युरियमची प्रत्येकी २, शिशाची ५. एवढ्या खाली जायचे तर मास स्पेक्ट्रोमीटर लागतो.

१२ जून

अजून एकही नमुना नाही. अर्थिंग चालू आहे.

न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज आम्हाला २ च्या आत हवा होता, निघाला ५ च्या वर. आमच्या प्लॉटवर वरचा हातभर थर काळ्या मातीचा, खाली मुरूम, आणि त्याखाली थेट काळा पाषाण. जुना खड्डा मुरुमातच संपलेला. इलेक्ट्रिशियन काकांनी टेस्टर लावला आणि म्हणाले, "आत्ता पाऊस पडलाय म्हणून एवढं तरी दाखवतंय. एप्रिलमध्ये बघितलं असतं तर यंत्र उतरवूच दिलं नसतं तुम्ही." दुसरा खड्डा पाषाणात ड्रिल करून घेतला, केमिकल इलेक्ट्रोड टाकला, दोन्ही पट्टीने जोडले. या खर्चाचा रकाना अंदाजपत्रकात नव्हताच. यंत्र घेण्याआधी जागेचा अर्थ मोजा, आणि मोजायचा तो उन्हाळ्यात.

१८ जून

आर्गॉनचा हिशोब. प्लाझ्माला मिनिटाला १५ लिटर, ऑक्झिलरीला सुमारे १, लेझरच्या सेलनंतर (नमुना ठेवायची बंद डबी) मिसळायला आणखी १. म्हणजे १७. सात घनमीटरच्या सिलिंडरमध्ये ७००० लिटर. भागून पाहा, सातही तास भरत नाहीत. शिवाय सिलिंडर तळापर्यंत रिकामा करता येत नाही, दाब उतरला की प्लाझ्मा विझतो. प्रत्यक्षात सहा तास धरा. दिवसभराच्या कामात मधेच सिलिंडर बदलायचा म्हणजे प्लाझ्मा बंद, पुन्हा पेटवा, पुन्हा तासभर स्थिर होऊ द्या. दोन सिलिंडरचा मॅनिफोल्ड लावला तेव्हा हे थांबले.

द्रव आर्गॉनचा ड्युरा (थंड द्रव साठवणारे सिलिंडर) स्वस्त पडतो हे खरे, पण तो वापरला नाही तरी उडत राहतो. सेफ्टी व्हॉल्व्हची फुसफुस म्हणजे पैसेच. रोज यंत्र चालत असेल तरच ड्युरा घ्या. आमचे अजून तसे नाही.

हेलियम वेगळा. सेलमध्ये वाहक म्हणून आर्गॉनऐवजी हेलियम दिला की खड्ड्याभोवती धूळ कमी साचते आणि जास्त माल प्लाझ्मापर्यंत पोचतो. फरक इतका स्पष्ट आहे की तो टाळता येत नाही, आणि किंमत अशी आहे की रात्री व्हॉल्व्ह बंद केला ना, हे दोनदा बघितले जाते.

२१ जून

प्लाझ्मा पेटला, टिकला नाही. एक्झॉस्टचा फ्लो कमी झाला की इंटरलॉक प्लाझ्मा बंद करतो. गच्चीवरचे डक्टचे तोंड पश्चिमेला, आणि पावसाळी वारा त्याच बाजूने. झोत आला की फ्लो पडायचा. तोंडावर वाऱ्याकडे पाठ फिरवणारी टोपी बसवली, ब्लोअर एक माप मोठा घेतला. त्यानंतर विझला नाही.

म्हणजे वाऱ्याने विझला नाही. सेल उघडून नमुना बदलला आणि घाईत तसाच पुन्हा जोडला, तर आतली हवा एकदम प्लाझ्मात जाते आणि टॉर्च विझतो. बायपास व्हॉल्व्ह फिरवा, सेल काही मिनिटे हेलियमने धुवा, मगच जोडा. हे कागदावर लिहून सेलच्या झाकणावर चिकटवले आहे.

ट्यूनिंगसाठी एनआयएसटी (अमेरिकेची मानक संस्था) ६१२ ही काच. तिच्यात बरीच मूलद्रव्ये ४० पीपीएमच्या आसपास मिसळलेली आहेत. युरेनियम आणि थोरियमचे सिग्नल जवळपास सारखे यायला हवेत, थोरियम ऑक्साइड अर्ध्या टक्क्याच्या खाली हवा. दोन्ही जमले. काच एवढ्यापुरतीच. काचेवर कॅलिब्रेशन करून तांबे मोजायचा मोह आम्ही टाळला; काच आणि धातू लेझरखाली एकसारखे उडत नाहीत.

२५ जून

नमुना कापण्यावर या नोंदींत सगळ्यात जास्त जागा द्यावी असे वाटते, कारण 'थेट घन पदार्थ' ऐकले की लोकांना वाटते, तुकडा ठेवायचा आणि बटण दाबायचे.

लेझरच्या सेलमध्ये बसणारा तुकडा दोनेक सेंटिमीटरचा. हॅकसॉने कापला. पहिल्या काही सेकंदांत लोखंडाचा सिग्नल आभाळाला, मग उतरत उतरत तळाला. असा आकार दिसला की ती पृष्ठभागाची घाण, धातूतले लोखंड नव्हे. मिलिंगला टाकला. मिस्त्रींनी कार्बाइड कटर लावला, छान आरशासारखा चेहरा दिला, आणि लोखंडाच्या जागी कोबाल्ट आणि टंगस्टन आले. तांबे चिकट असते, कटरच्या पात्यांवर चढते आणि पात्याचे कण घेऊन परत पट्टीवर बसते.

शेवटी ठरलेली पद्धत अशी: कार्बाइडने मिलिंग, मग सिलिकॉन कार्बाइडच्या पेपरवर अल्कोहोलखाली घासणे, प्रत्येक नमुन्याला नवा पेपर. मग पातळ नायट्रिकमध्ये दहा-पंधरा सेकंद, शुद्ध पाणी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, कोरडे. इथे एक अडचण शिल्लक राहते. नायट्रिक ग्रेन बाउंडरीवर आधी चावते, आणि आम्हाला जे शोधायचे ते नेमके तिथेच. म्हणून आम्लाने धुतलेल्या चेहऱ्यावर थेट मोजायचे नाही. आधी मोठ्या स्पॉटने एक पदर उडवून टाकायचा, त्याचा डेटा फेकायचा, आणि खालच्या ताज्या धातूवर खरी मोजणी करायची.

पेपर पितळेवर वापरून मग तांब्यावर कधीही वापरू नका. शिसे मऊ असते, पेपरमधून सरळ पुढच्या नमुन्यावर पुसले जाते.

३० जून

पहिले खरे शॉट. डिटेक्टर ओरडला. तांबे-६३ चा (वस्तुमान ६३ च्या तांब्याचा) सिग्नल एवढा की संरक्षणासाठी तो बंदच झाला. साहजिक आहे, नमुना जवळजवळ सगळा तांबेच आहे. पण अंतर्गत प्रमाण म्हणून काहीतरी तांबे मोजावे तर लागते, नाहीतर लेझरने किती माल उडवला हे कळणार कसे?

तांबे आणि आर्गॉनची जोडी, वस्तुमान १०३, तिच्यावर मोजून पाहिले. सिग्नल सुटसुटीत मिळतो, पण प्लाझ्मा जरा गरम-थंड झाला की जोडीचे प्रमाण बदलते. सोडले. तांबे-६५ घेतले आणि फक्त त्या वस्तुमानावर रिझोल्यूशन वाढवले, म्हणजे तिथले ट्रान्समिशन मुद्दाम पाडले. ६३ यादीतून काढून टाकले. हे चालले.

कोनवर (प्लाझ्मातून आयन आत घेणारा, बारीक भोकाचा शंकू) तांब्याचा लालसर थर चढतो, दर तासाला दिसेल असा. संवेदनशीलता हळूहळू उतरते. २ टक्के नायट्रिकमध्ये भिजवलेल्या कापसाने हलके पुसायचे, घासायचे नाही. कोन निकेलचे असल्यामुळे निकेलचा ब्लँक (नमुना नसतानाचा आकडा) वर असतो. प्लॅटिनमचे कोन परवडत नाहीत, म्हणून निकेलचा आकडा आम्ही रिपोर्टमध्ये देत नाही. प्रश्न संपला.

४ जुलै

सिग्नल करवतीच्या दातांसारखा येत होता. लेझरचे ठोके आणि क्वाड्रुपोलचे एकामागून एक वस्तुमान चाळणे यांचा ताल जुळत नव्हता. एक मूलद्रव्य नेहमी ठोक्याच्या शिखरावर मोजले जाते, दुसरे दरीत. ठोके सेकंदाला ५ वरून २० केले आणि वाटेत एक छोटा काचेचा फुगा बसवला, आत धूर मिसळून एकसारखा व्हावा म्हणून. सिग्नल देखणा झाला. हा फुगा लक्षात ठेवा.

९ जुलै

शुद्ध तांब्याचे प्रमाणित ठोकळे आले. जर्मनीच्या बीएएम या पदार्थ-चाचणी संस्थेचे. वर्षाच्या स्टेशनरीचे पैसे एका पाकिटात गेले, पण याला दुसरा इलाज नाही. तांबे मोजायचे तर प्रमाणही तांब्याचेच हवे.

कॅलिब्रेशन सरळ रेषेत आले. २५ मायक्रॉनचे स्पॉट, दोन्ही लॉटवर ओळीने मारले. निकाल: जुन्यात बिस्मथ १ पीपीएमच्या खाली, नव्यात दीडच्या आसपास. एवढ्या फरकाने पट्टी तडकत नाही. आमच्या ताई म्हणाल्या, "मग ग्राहकाला सांगू या का, पट्टी ठीक आहे, तुमचा वाकवायचा डाय बघा?" तसा मेल मसुद्यात पडून आहे.

१५ जुलै

दरम्यान भांडी बाजारातल्या एका दुकानदाराने पितळेचे दोन तुकडे आणून दिले. शिसे किती, एवढेच हवे होते. ते काम खरे तर स्पार्कवर पाच मिनिटांचे, पण यंत्र तापलेले होते म्हणून लेझरखाली घातले.

शिशाचे आकडे एका स्पॉटला अर्धा टक्का, शेजारच्याला ९ टक्के. कॅलिब्रेशन बिघडले म्हणून तांब्याचा ठोकळा पुन्हा मोजला, तो बरोबर. मग तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. शिसे पितळेत विरघळत नाही, बारीक थेंबांच्या रूपात विखुरलेले असते. यंत्रावर सहज कापले जाणारे फ्री-कटिंग पितळ त्यामुळेच तसे वागते. २५ मायक्रॉनचा स्पॉट थेंबावर बसला की ९ टक्के, दोन थेंबांच्या मध्ये बसला की अर्धा. दोन्ही आकडे खरे. प्रत्येक आकडा त्या एका खड्ड्याचा, आणि खड्ड्यातला माल मायक्रोग्रॅममध्येसुद्धा पूर्ण भरत नाही.

पितळेच्या आणखी दोन गोष्टी, कोणाला उपयोगी पडतील म्हणून. जस्त लवकर उडते, त्यामुळे नॅनोसेकंद लेझरखाली जस्त आणि तांब्याचे प्रमाण खड्डा खोल जाईल तसे सरकत जाते. पितळेला पितळेचेच प्रमाण हवे. दुसरे, चांदी १०७ वर मोजू नका, जस्त-६७ आणि आर्गॉन मिळून तिथेच येतात. १०९ घ्या. शिसे मात्र २०६, २०७, २०८ तिन्ही मोजून बेरीज करा, कारण शिशाच्या समस्थानिकांचे प्रमाण खाणीनुसार बदलते.

१७ जुलै

पितळेच्या तक्त्यात शिशाचे ते ९ टक्के आम्हाला दिसले, कारण मोठ्या प्रमाणातल्या मूलद्रव्यांना सॉफ्टवेअरचा स्पाइक फिल्टर लावलेला नव्हता. सूक्ष्म मूलद्रव्यांना तो आपोआप लागतो. शेजारच्या बिंदूंपेक्षा फार वर उडालेला बिंदू तो खोडतो आणि जागी सरासरी भरतो. त्यावर आमच्या एक्सेलच्या तक्त्यात आणखी एक चाळणी, स्पॉटच्या पातळीवर, 'आउटलायर' वगळणारी. पाण्याच्या आणि औषधांच्या नमुन्यांसाठी बनवलेला तक्ता, तोच इकडे आला.

९ जुलैच्या मूळ फाइल उघडल्या. दोन्ही चाळण्या काढल्या. जुन्या लॉटचा आकडा हलला नाही. नव्या लॉटमध्ये बहुतेक स्पॉट एक-दीड पीपीएमचे, आणि मधेच एखादा ६०, एखादा १००. खोडले गेले होते ते हेच. धातूचा सगळा बिस्मथ जिथे होता तेवढेच भाग आम्ही कचरा समजून पुसले होते.

मेलचा मसुदा काढून टाकला.

२२ जुलै

तीन दिवस काम बंद. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला, दुतोंड्या मारुती कमरेच्या वर पाण्यात, सराफ बाजारातल्या लोकांनी माल वर चढवला. अंबडला पाणी येत नाही, पण वीज येत-जात राहिली. यूपीएस व्हॅक्यूम पंप सांभाळतो, चिलर सांभाळत नाही. धोका घेतला नाही. यूपीएसचे माप ठरवताना चिलर धरा, आमच्या कोटेशनमध्ये तो धरलेला नव्हता.

२६ जुलै

रेषा मारल्या. काचेचा तो फुगा काढला. देखणा सिग्नल म्हणजे पुसलेला सिग्नल, आणि आता आम्हाला उंचवटेच पाहायचे होते. स्पॉट १५ मायक्रॉन, वेग सेकंदाला १० मायक्रॉन, सेकंदाला २० ठोके. यादीत तीनच वस्तुमाने: तांबे-६५, शिसे-२०८, बिस्मथ-२०९. यादी लांब ठेवली तर यंत्र दुसरे काही मोजत असताना उंचवटा निघून जातो.

जुना लॉट: बिस्मथची रेषा सपाट, जमिनीला टेकलेली. नवा लॉट: सपाट, सपाट, मग एकदम काटा, पुन्हा सपाट. काट्यांमधले अंतर पाच ते आठ सेकंद, म्हणजे ५० ते ८० मायक्रॉन. बऱ्याच काट्यांवर शिसेही सोबत, पण सगळ्यांवर नाही.

बिस्मथ-२०९ वर शिशाच्या हायड्राइडची सावली पडू शकते, २०८ अधिक १. ती तपासली. शिसे असलेल्या पितळेवर शिशाचा सिग्नल इथल्यापेक्षा कितीतरी मोठा असूनही २०९ वर नगण्य वाढ होती. प्लाझ्मा कोरडा असल्याचा हा फायदा. इथला बिस्मथ बिस्मथच.

३१ जुलै

काटे दिसले, पण रिपोर्टमध्ये काटे लिहिता येत नाहीत, सरासरी लिहावी लागते. तिची शहानिशा करायला जुनाच मार्ग: विरघळवा. अर्धा ग्रॅम तांबे, १:१ नायट्रिक, फ्यूम हूडखाली, कारण तपकिरी धूर भरपूर निघतो. ५०० मिलीपर्यंत पातळ केले. लिटरला १००० मिलिग्रॅम तांबे, म्हणजे ०.१ टक्का विरघळलेले घन. कोन एवढे सोसतात. धातूतला १ पीपीएम बिस्मथ इथे १ पीपीबी (अब्जात एक भाग) होतो. आम्ल २ टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचे नाही, नाहीतर बिस्मथ साका होऊन तळाशी बसतो.

आकडा आला ११. लेझरवर, चाळण्या काढल्यावर, साधारण २०. एवढा फरक का?

५ ऑगस्ट

कारण ऱ्होडियम. द्रावणात अंतर्गत प्रमाण म्हणून आम्ही नेहमी ऱ्होडियम-१०३ घालतो. तांबे-६३ अधिक आर्गॉन-४० म्हणजे १०३. महिन्यापूर्वी लेझरवर हीच जोडी हाताने मोजून बघितली होती, आणि द्रावणाच्या पद्धतीत तीच उभी आहे हे कोणाच्या डोक्यात आले नाही. तांब्यामुळे ऱ्होडियम फुगलेला दिसतो, सॉफ्टवेअर समजते की संवेदनशीलता वाढली, आणि बाकी सगळे आकडे त्या प्रमाणात खाली ओढते.

खात्री करायची सोपी रीत: ऱ्होडियम न घालता नुसते तांब्याचे द्रावण फवारा आणि १०३ पाहा. आमच्याकडे घातलेल्या ऱ्होडियमच्या जवळपास तेवढेच काउंट आले. इंडियमही घेऊ नका, कथिल असलेल्या मिश्रधातूत ११५ वर कथिलाचा समस्थानिक येतो. इरिडियम-१९३ घेतले, बिस्मथच्या वस्तुमानाजवळही आहे. नवा आकडा १९.

१० ऑगस्ट

रास्टर, म्हणजे ओळीला ओळ लावून अख्खा चौकोन उडवणे. १०० मायक्रॉनचा स्पॉट, २ बाय २ मिमीचा चौकोन, साधारण १० मायक्रॉन खोल. आता उडवलेला माल तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त मिलिग्रॅम भरतो, आणि चौकोनात शेकडो दाणे येतात. तीन वेगळ्या जागी चौकोन मारले: २०, २३, १८. द्रावणाचा १९. एवढे जुळणे आम्हाला पुरे. इथे फुगा परत लावला होता, फिल्टर मात्र बंद. सरासरीला फुगा बिघडवत नाही, फिल्टर बिघडवतो.

नंतर तोच नमुना अमोनिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने एच केला, म्हणजे पृष्ठभाग रसायनाने हलका खाऊ दिला. दाणे उघडे पडले, ५० ते ८० मायक्रॉनचे, काट्यांमधल्या अंतराएवढे. तडकलेल्या जागेचा छेद पाहिला तर तडा दाण्यांना वळसे घालत, सीमेसीमेने गेलेला.

तारखांकडे बघून कोणी म्हणेल, द्रावणच आधी केले असते तर? केले असते तर ऱ्होडियमसकट ११ आला असता आणि १ च्या मर्यादेपुढे तोही पुरला असता, हे मान्य आहे. फक्त सरासरी हवी असेल तर विरघळवा. स्वस्त पडते, हेलियमही लागत नाही. पण बिस्मथ ग्रेन बाउंडरीवर आहे की धातूभर पसरलेला, हे द्रावण कधीच सांगणार नाही, आणि पुरवठादाराशी भांडायला ग्राहकाला नेमके ते चित्र हवे होते. वाद वाढला तर पक्का निवाडा हैदराबादला, बीएआरसीच्या केंद्रात घन नमुन्यावर ग्लो डिस्चार्ज मास स्पेक्ट्रोमेट्री होते.

१४ ऑगस्ट

ग्राहक आले. रेषांचे दोन्ही आलेख आणि तड्याचा फोटो एकाच पानावर छापून दिला. बराच वेळ बघून त्यांनी विचारले, "साहेब, हा बिस्मथ घातला कोणी? तांब्यात घालायचं काही कारण आहे का?" मुद्दाम नाही. पट्टी कॅथोडपासून नाही, भंगार वितळवून ओढलेली दिसते. अमेरिकेत जानेवारी २०१४ पासून पिण्याच्या पाण्याच्या फिटिंगमध्ये शिसे सरासरी ०.२५ टक्क्यापर्यंतच चालते. शिशाच्या जागी बिस्मथ घातलेले पितळ त्या बाजारासाठी बनते, आणि त्याचा कीस इतर भंगारात मिसळला की वेगळा ओळखता येत नाही. बिस्मथचे सोल्डरही असू शकते. नव्या लॉटमध्ये जस्त थोडे वर आहे, त्यामुळे माझा कल पितळेकडे. रिपोर्टमध्ये हा कल लिहिलेला नाही, फक्त आकडे आणि आलेख.

लॉट परत गेला. पुढच्या लॉटची एक पट्टी वाकवण्याआधी आमच्याकडे येईल असे ठरले आहे. त्यासाठी द्रावणाची पद्धत, इरिडियमसह.

१९ ऑगस्ट

बाकी काम: सेलेनियम. शिसेमुक्त पितळेच्या काही प्रकारांत बिस्मथसोबत सेलेनियमही घालतात, म्हणून तो सापडला तर भंगाराचा माग लागेल. पण ८० वर आर्गॉनची जोडी, ७८ वर तिचेच भावंड, ८२ वर आर्गॉनमधला क्रिप्टॉन, आणि ७७ वर तांबे-नायट्रोजन. कोलिजन सेलमध्ये हायड्रोजन देऊन ७८ साफ होतो का ते पाहायचे आहे. हायड्रोजनची लाइन ओढली आहे, लीक डिटेक्टर यायचा आहे. तो बसल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडणार नाही. टेल्युरियम १२५ वर घेणार, १२६ आणि १२८ वर झेनॉन येतो.

कोन बदलायला झाले आहेत. नवे मागवले.